पाचपैकी किती कांदे?

‘अलिबागसे आया है क्या?’ हे वाक्य तुम्ही कधी ना कधी कुणाला तरी ऐकवलं असेल. निदान ऐकून हसला तरी असाल. आम्ही किहीमची मुलं हसत नाही असं नाही, फक्त जरा उशिरा हसतो. या वाक्यावर बंदी आणा म्हणून प्रकरण थेट मुंबई हायकोर्टात गेलं होतं. २०१९ मध्ये कोर्टाने ती याचिका फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर. बरं, नाही लावून घेत. पण हिशेब बरोबर करायला आम्ही मित्रमैत्रिणींनी एक उद्योग सुरू केलाय. सिनेमा बघायचा आणि त्यात आमच्यासारखा किनारा, आमच्यासारखी माणसं कशी दाखवलीत ते बघून मार्क द्यायचे. स्टार-बिर नाहीत. कांदे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला जीआय टॅग मिळालाय, मग रेटिंगही त्याच्यातच. पाच कांदे म्हणजे डोळ्यांत पाणी, शून्य कांदे म्हणजे पैसे परत द्या.

हे सगळं सुरू झालं पावसाळ्यात. तुम्ही वीकेंडला येता तेव्हाचं किहीम वेगळं आणि जुलैमधलं वेगळं. गेटवेच्या लाँच बंद, बीचवरचे घोडे-उंट गायब, होमस्टेच्या पाट्या पावसात भिजत उभ्या, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. थिएटरला जायचं तर अलिबाग, दहा-बारा किलोमीटर. चोंढी नाक्यावर मिनीडोर भरेपर्यंत थांबायचं आणि शेवटचा शो बघितला तर परत कसं यायचं त्याचा आधीच विचार करून ठेवायचा. म्हणून मग आमच्यातल्या एकाच्या दादाचा प्रोजेक्टर (तो लग्नांमध्ये डेकोरेशनची कामं करतो, पावसाळ्यात प्रोजेक्टर बेकारच असतो), आमच्या घराची पडवी आणि आईची जुनी पांढरी चादर. चादरीला मध्ये एक हळदीचा डाग आहे. तो आत्तापर्यंत दीपिकाच्या गालावर, विकी कौशलच्या कपाळावर आणि एकदा तर चंद्राच्या शेजारी येऊन बसलाय.

तळापासून सुरुवात करते. ‘गहराइयाँ’. २०२२ चा सिनेमा, आम्ही बघितला आत्ता. एक कांदा, तोही समुद्राच्या रंगासाठी. चार सुंदर माणसं यॉटमधून अलिबागला येतात, तिथे त्यांच्यातल्या एकीच्या घरच्यांचा बंगला असतो, तिथे ती एकमेकांकडे बघतात, मग गुंतागुंत. माझा आक्षेप गुंतागुंतीला नाही, ती आमच्याकडेही होते. पण अख्ख्या त्या अलिबागमध्ये गावातलं एक माणूस लक्षात राहील असं नाही. मासे कुणी विकत नाही, एसटीची वाट कुणी बघत नाही. हिरो रिअल इस्टेटवाला आहे हे कळल्यावर आमच्या पडवीत सगळे एकदम ओरडले, ‘हां, आता ओळखीचा वाटला!’ दीपिकाचं काम चांगलं आहे, हे मान्य. माझी मैत्रीण म्हणते मी अन्याय करतेय, सिनेमा नात्यांबद्दल आहे, अलिबागबद्दल नाही. तिने तीन कांदे दिलेत. तिचे तिच्याजवळ.

मग ‘अग्निपथ’. दोन्ही. १९९० चा बाबांच्या आग्रहाखातर, २०१२ चा आमच्या. आता मांडवा म्हणजे आमच्या शेजारचं गाव. तिथे जेट्टी आहे, रो-रो लागते, भाऊच्या धक्क्यावरून तासाभरात गाडीसकट माणूस इकडे. जेट्टीवर चहा पीत उभं राहिलं की रात्री समोर मुंबईचे दिवे दिसतात. आणि सिनेमातला मांडवा? काळाकभिन्न, धगधगता, कांचा चीनाचं साम्राज्य. नव्या ‘अग्निपथ’मधला मांडवा शूट झालाय दीवमध्ये. म्हणजे जगातल्या लाखो लोकांना मांडवा म्हणून जे आठवतं ते मुळात मांडवा नाहीच. तरी माझे साडेतीन कांदे. का सांगू? सिनेमाचा पहिला अर्धा तास परत बघा. गावची जमीन हवी असलेला कांचा, लोकांना नीट समजावून सांगणारा मास्तर, आणि आमिष दिसल्यावर हळूहळू मास्तरापासून लांब सरकणारं गाव. जागा चुकली असेल, गोष्ट नाही चुकली. फक्त आमच्याकडे कांचा टक्कल करून, अंगभर टॅटू काढून येत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि ‘आजी, तब्येत कशी आहे’ म्हणतो. त्याच्याकडे नंतर येते.

‘मुंज्या’ला अडीच. हसलो भरपूर, घाबरलो थोडे. पण कोकण म्हटलं की भूत, हे एकदाचं थांबवा रे. आमच्याकडे पिंपळ आहेत, रात्री पानं सळसळतात, आणि खाली बहुतेक वेळा मोबाइलला रेंज शोधणारा कुणीतरी उभा असतो. ‘सैयारा’ अलिबागला थिएटरमध्ये जाऊन बघितला, पुढच्या रांगेतली मुलगी इतकी रडली की तिच्या मैत्रिणीने शेवटी पॉपकॉर्नची पिशवी तिच्या हातात देऊन सांगितलं, ‘खा, बरं वाटेल.’ सिनेमापेक्षा ते दोघींचं मला आवडलं. दोन कांदे. ‘छावा’चे कांदे द्यायचे नाहीत असं ठरलंय, त्यावरून आमच्यात एकदा भांडण झालंय आणि प्रोजेक्टरवाला दोन दिवस आला नव्हता.

जाता जाता एक सिनेमा जो अजून कुणी काढलेलाच नाही. सलीम अलींना पक्षिशास्त्रज्ञ म्हणून सगळे ओळखतात, पण १९३० च्या सुमारास हातात नोकरी नसताना ते किहीमला येऊन राहिले होते आणि इथेच त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नाव बाईचं, पण घरटं बांधतो नर. अर्धवट बांधतो. मादी येऊन बघते, पसंत पडलं तर ताबा घेते, मग हा बाकीचं काम पुरं करतो आणि मोकळा झाला की दुसरीकडे नवं घरटं सुरू करतो. अर्धवट सॅम्पल फ्लॅट, साइट व्हिजिट, बुकिंग, मग पुढचा प्रोजेक्ट! बेकार तरुण, समुद्र, झाडावर लटकलेली घरं. मराठीत लिहिणाऱ्यांनो, ऐकताय ना? अॅडव्हान्समध्ये चार कांदे देते.

आता वरच्या नंबरांकडे. ‘किल्ला’ साडेचार. अविनाश अरुणचा हा सिनेमा आला तेव्हा मी लहान होते, तेव्हा कंटाळले होते. आता बघताना त्यातला पाऊस बघून पडवीबाहेरचा पाऊस आणि चादरीवरचा पाऊस वेगळा करता येईना. बदली होऊन आलेल्या आईबरोबर कोकणात आलेला तो मुलगा, त्याला न जुमानणारी वर्गातली पोरं आणि एका किल्ल्यात भर पावसात एकटं राहणं. समुद्र यात पोस्टकार्ड नाही. तो घरातल्या थोरल्या माणसासारखा आहे, फारसं बोलत नाही पण असतो.

‘ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट’ आम्ही सर्वांत शेवटी लावला, कारण कानमध्ये ग्राँ प्री मिळालेला सिनेमा म्हणजे झोप येणार अशी सगळ्यांची खात्री. अर्धे जण झोपलेही. पण छाया कदम! मुंबईत आयुष्य काढलेली पार्वती, हॉस्पिटलात स्वयंपाक करते, चाळीतली खोली बिल्डरला हवी आहे आणि ही खोली आपली आहे हे दाखवायला तिच्याकडे कागदच नाहीत. शेवटी ती रत्नागिरीकडच्या गावी परत जाते. किनारा सुट्टीसाठी नसतो, मुंबईने ढकलून दिल्यावर परत यायला असतो, हे मी पडद्यावर पहिल्यांदा बघितलं. साडेचार. अर्धा कापला तो संथपणासाठी, आणि खरं सांगू, झोपलेल्यांचा मान राखायला.

पण पाच कांद्यांचा सिनेमा यातला कुठलाच नाही. तो २०१३ चा आहे आणि तो आम्ही ठरवून लावला नव्हता.

गणपतीत आमच्याकडे मुंबईचे काका येतात. पाच दिवस घर भरलेलं, आरत्या, भजन, पत्त्यांचे डाव. यंदा काका आले ते एक फाइल घेऊन. आमची घरामागे छोटी वाडी आहे, नारळ, सुपारी, दोन आंबे, एक विहीर. सातबाऱ्यावर अजून आजीचं नाव आहे. गेली दोन वर्षं तो इस्त्रीच्या शर्टवाला एजंट येतोय. आकडा दर वेळी वाढतो. काकांना मुंबईत मोठी जागा घ्यायची आहे, माझ्या चुलतभावाच्या शिक्षणाचं कर्ज आहे. ते काही खलनायक नाहीत, हे आधीच सांगते. बाबा हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. त्यामुळे तीन दिवस घरात सगळे मोदकांबद्दल फार बोलत होते.

चौथ्या रात्री जागरणाला कुणीतरी म्हणालं, काहीतरी मराठी लावा, आजीला कळेल असं. माझ्या भावाने ‘नारबाची वाडी’ लावला. त्याला गोष्ट माहीत नव्हती, त्याने फक्त दिलीप प्रभावळकरांचा फोटो बघितला. मला माहीत होती, पण मी बोलेपर्यंत सुरू झाला होता.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: नारोबा नावाचा म्हातारा, त्याची लाडकी वाडी आणि त्या वाडीवर डोळा असलेला खोत. खोत करार करतो की म्हातारा जिवंत आहे तोवर त्याला पैसे द्यायचे, तो मेला की वाडी खोताची. मग खोत वाट बघत बसतो. म्हातारा मरत नाही. उलट टवटवीत होतो! मनोज जोशी खोत आणि खोताचा मुलगा दोन्ही झालेत. मूळ गोष्ट मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकाची, ती गुरू ठाकूरने मालवणीत अशी रुजवलीय की कलम केलेलं कळतच नाही. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, म्हणजे ‘मुंज्या’वालाच. त्याला माफ केलं.

पहिल्या दहा मिनिटांतच पडवीत विचित्र शांतता झाली. मालवणी सगळ्यांना पुरती कळत नव्हती, पण वाडी, म्हातारं माणूस आणि कागद एवढं कळायला भाषा लागत नाही. बाबा उठून पाणी प्यायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. काका मोबाइल बघायला लागले. आणि आजी? आजी पुढे सरकून बसली. खोत आशेने येतो आणि नारोबा धडधाकट दिसतो, की आजी टाळ्या. ‘हुशार हाय रे म्हातारा!’ हळूहळू बाकीचेही हसायला लागले. काकाही. एका प्रसंगाला तर ते इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला.

सिनेमा संपला, चादर वाऱ्याने हलत होती, कुणी उठत नव्हतं. आजीने काकांकडे वळून अगदी सहज विचारलं, ‘तुझा तो एजंट मना म्हैन्याला पैसं देल का रं?’

सगळे हसले. काकाही हसले, मग थांबले. ‘नाही गं आई, तसं नसतं,’ म्हणाले. ‘एकरकमी असतं.’

‘मंग तो खोतापेक्षा शाना हाय,’ आजी म्हणाली आणि झोपायला गेली.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. फाइल पिशवीतून बाहेर आली नाही, पण पिशवीतून गेलीही, म्हणजे विषय संपला असं मी म्हणणार नाही. एजंटाचा फोन नंतर दोनदा आलाय. चुलतभावाचं कर्जही आहे तिथेच आहे, आणि त्याच्याशी माझं चांगलं जमतं म्हणून मला यावर ठणकावून बोलता येत नाही. तुम्हाला येत असेल तर तुमच्या घरी वाडी नसावी.

सप्टेंबरमध्ये ‘दशावतार’ लागला. पुन्हा प्रभावळकर, पुन्हा कोकण, पुन्हा जमीन. या वेळी चेहऱ्याला रंग लावून, दशावतारी कलावंत होऊन. काकांनी मुंबईत आधी बघितला आणि फोन केला. मला वाटलं सातबाऱ्याचं काहीतरी. तर म्हणाले, ‘आईला दाखव. थिएटरलाच ने, चादरीवर नको.’

मग काय, नेलं. मिनीडोरमध्ये ड्रायव्हरशेजारची सीट आजीला, आम्ही मागे कोंबून. थिएटरच्या पायऱ्या ती दोनदा थांबत चढली. एसीत तिला थंडी वाजली, माझी ओढणी घेतली. प्रभावळकर पडद्यावर आल्यावर मोठ्याने म्हणाली, ‘हा तर तोच, वाडीवाला!’ आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी शुक शुक केलं. शेवटाकडे ती एकदम गप्प होती. मी चार कांदे दिलेत. दुसऱ्या भागात थोडा आरडाओरडा जास्त आहे, पण त्या माणसाचे डोळे बघण्यासाठी परत जाईन.

परतताना चोंढीला उतरलो तेव्हा आजीला विचारलं, पाचपैकी किती कांदे?

‘खुळी का काय?’ ती म्हणाली. ‘येनीचा भाव काय चाललाय, आणि तुमी फुकट वाटताव.’