लोखंड, तेल आणि आजीची कंबर

शनिवारी लोखंड घेऊ नये, तेल घेऊ नये. आठवडाभर एक्सेल शीटशी झुंजणारी आपली मंडळीसुद्धा शनिवारी नवा तवा घेताना क्षणभर थबकतात, हे मी स्वतः पाहिलंय. आता गंमत बघा. गाडीचा शॉकअप म्हणजे काय? एक लोखंडी नळकांडं आणि आत तेल. आणि आपल्याला गॅरेजला जायला वेळ कधी? शनिवारी! म्हणजे जुन्या एसयूव्हीचे शॉक्स बदलायचे म्हटले की शनिमहाराजांशी थेट गाठ.

आमच्या घरात ही गाठ जरा जास्तच घट्ट आहे. आजी दर शनी अमावस्येला शनिशिंगणापूरला जाते. अमावस्या शनिवारी येते ती वर्षातून एक-दोनदा, फार तर तीनदा, त्यामुळे ती तारीख आमच्याकडे कॅलेंडरवर लाल पेनाने आधीच गोल केलेली असते. गेल्या वर्षी तिने शांतपणे सांगून टाकलं, "यंदा तुम्ही जाऊन या. तुमची ती गाडी माझी कंबर मोडते." वय अठ्ठ्याहत्तर, मणक्याचं जुनं दुखणं, डॉक्टरांची ताकीद की दणके टाळा. भाड्याची सेडान करू म्हटलं तर त्यात वाकून बसणं-उठणं तिला जमत नाही. नवी गाडी घ्यायचं बजेट नाही. मी फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या भाषेत "रिकामी", त्यामुळे गाडी मऊ करण्याचं प्रोजेक्ट आपोआप माझ्याकडे आलं.

गाडीचं नाव सांगत नाही. सात सीट, डिझेल, चेसिसवर बॉडी बसवलेली, वय वर्षं पंधरा. एवढ्यावरून जाणकार ओळखतील. १९९४ ची सुमो, १९९८ ची सफारी, २००० ची बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ, या सगळ्या पुण्या-नाशिकच्या लेकी. ज्यांच्या घरी अशी एखादी म्हातारी अजून पार्किंगमध्ये उभी आहे, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

रस्ता साधारण एकशेसाठ किलोमीटरचा. वाघोली ते शिक्रापूर ट्रॅफिक, मग रांजणगाव, शिरूर, सुपे, नगर (शहराचं आणि जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर), तिथून संभाजीनगर रोडने घोडेगाव आणि डावीकडे आत वळलं की शिंगणापूर. हायवेला आजीची फारशी तक्रार नसते. खरी परीक्षा गावोगावच्या गतिरोधकांवर आणि हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांनी दाबून लाटालाटांचा केलेल्या डांबरावर. सोनईला मुळा साखर कारखाना आहे, घोडेगावला कांदा मार्केट. जड वाहनं रात्रंदिवस जातात आणि रस्ता त्यांचीच आठवण ठेवतो.

शॉक मऊ नसतो, बॉस!

गॅरेजमध्ये कळलेली पहिली गोष्ट म्हणजे गाडीचं वजन शॉक पेलतच नाही. ते काम स्प्रिंगचं. कुठे कॉइल स्प्रिंग असते, कुठे पाटे, कुठे टॉर्शन बार. खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते आणि मग उसळते, आणि तिला एकटं सोडलं तर ती उसळतच राहील. ही उसळी आवरतो तो शॉक. आतला पिस्टन तेलातून खालीवर होतो, तेल बारीक झडपांमधून ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत जिरते. लांब खराब रस्त्यानंतर शॉक हाताला गरम लागतो तो त्यामुळेच.

मग शॉक म्हातारे झाले की गाडी उलट मऊ व्हायला हवी, नाही का? होतेच! सोसायटीच्या गेटपर्यंत. पुढे हायवेला ती होडीसारखी डुलते, आणि मोठ्या गतिरोधकावर स्प्रिंग पूर्ण दबून चेसिसखालच्या रबरी स्टॉपरवर आदळते. ठण्ण! आजीच्या कमरेत जातो तो हा ठण्ण. म्हणून "गाडी कडक झालीय" या एका वाक्यात दोन वेगळे आजार असतात. दर छोट्या खड्ड्याला किरकिर होत असेल तर एक, आणि मोठ्या खड्ड्याला दणका बसून वर दोन-तीन हेलकावे येत असतील तर दुसरा. शॉक बदलून बरा होतो तो मुख्यतः दुसरा.

पहिल्या आजाराचं औषध बऱ्याचदा फुकट असतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर टायरमधल्या हवेचे आकडे छापलेले असतात, ते किती जणांनी वाचलेत? पेट्रोल पंपावरचा मुलगा सवयीने भरतो तेवढी हवा घेऊन आपण निघतो. सकाळी टायर थंड असताना हवा मोजून स्टिकरवरच्या आकड्यावर आणली, तेवढ्यानेच आमच्या गाडीची किरकिर निम्मी कमी झाली. त्याखेरीज रबरी बुश दगडासारखे झालेत का, स्टॉपरचे तुकडे पडलेत का, पाट्यांमध्ये गंज धरलाय का, हे मिस्त्रीला दिव्याखाली दाखवायला सांगा. मोठ्या अलॉयवर पातळ टायर चढवले असतील तर मात्र जगातला कुठलाही शॉक तुमचं भलं करणार नाही.

शॉक गेलाय हे ओळखायचं कसं? बंपर दाबून सोडायची जुनी ट्रिक या जड गाड्यांवर फारशी भरवशाची नाही. नळकांड्यावरून तेलाचे ओघळ आले असतील तर विषय संपला (नुसती धुळकट ओल म्हणजे गळती नव्हे). टायरवर हात फिरवा. ठरावीक अंतराने खोलगट झिजलेलं लागलं, तर चाक रस्त्यावर नाचतंय.

नाना पेठेत काय मागायचं?

पुण्यात गाडीचे पार्ट्स म्हटलं की नाना पेठ. काउंटरवर पहिलं वाक्य ऐकू येतं, "मॅडम, हेवी ड्यूटी टाका, परत बघायला नको." इथे सावध व्हा! हेवी ड्यूटी शॉक हे माल भरणाऱ्या, ट्रेलर ओढणाऱ्या नाहीतर उंच केलेल्या गाडीसाठी. त्यांची झडप घट्ट असते. आपल्या गाडीत चार माणसं आणि एक डबा. ते शॉक टिकतील खूप, पण त्याची किंमत पाठ मोजेल.

निवड खरं तर तिघांत असते. साधे हायड्रॉलिक, म्हणजे नळीत नळी आणि तेल. सावकाश चालवणाऱ्याला हे सगळ्यात मवाळ. पण सलग खराब रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि फेसाळलेलं तेल पकड सोडतं. दुसरे गॅसवाले, रचना तीच, फक्त वर कमी दाबाचा नायट्रोजन. फेस आटोक्यात राहतो आणि कडकपणा किंचितच वाढतो. तिसरे मोनोट्यूब. फ्रान्सच्या द कारबाँ यांची ही १९५० च्या दशकातली करामत, पुढे बिलस्टाइनने ती जगभर नेली. एकच नळी, जास्त दाबाचा गॅस, झटपट थंड होणारी. घाटात, वेगात, कच्च्या रस्त्यावर लाजवाब. पण बारीकसारीक खडीही सीटपर्यंत पोचवते, आणि खिशालाही बराच मोठा खड्डा पाडते. मित्रांचा ऑफरोड ग्रुप मोनोट्यूबच्या बाजूने जीव तोडून भांडेल. भांडू दे. त्यांच्या गाडीत आजी नसते.

आम्ही मधला पर्याय घेतला, कमी दाबाचे गॅसवाले, कंपनीच्या मूळ पार्ट नंबरला जुळणारे. परदेशी नावांच्या मागे फार धावायची गरजही वाटली नाही. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून शॉक बनवतेय, मुंबईत मुलुंडला सुरुवात झालेली, आज आपल्या चाकणलाही कारखाना आहे. टेनेकोचा मनरो हाही ओळखीचा ब्रँड. नाव कुठलंही असो, पक्कं बिल घ्या, बॉक्सवरचा आणि शॉकवरचा नंबर जुळवा. डुप्लिकेट माल या धंद्यात नवा नाही.

गंमत म्हणजे तेलाच्या ग्रेडचा आग्रह शिंगणापुरातही आहे. मार्च २०२५ पासून देवस्थानाने अभिषेकासाठी ब्रँडेड रिफाइंड खाद्यतेलच चालेल असा नियम केला, शिळेची झीज होऊ नये म्हणून. घरांना दारं नसलेलं, २०११ मध्ये बिनकुलपाची बँक शाखा आलेलं हे गाव. तिथेसुद्धा तेलाच्या बाबतीत नुसत्या विश्वासावर काम नाही!

फिटिंगच्या वेळी तिथेच उभे राहा

मोबाइलमध्ये डोकं घालून बाहेरच्या खुर्चीत बसू नका. शॉक एका ॲक्सलचे दोन्ही बदलायचे, एक नवा एक जुना हा प्रकार नको. बॉक्समध्ये आडवे पडून राहिलेले नळीत-नळीवाले शॉक बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडावे लागतात, म्हणजे आत अडकलेली हवा वर जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळतायत आणि तशीच आवळली, तर बुश कायमचा पिळलेला राहतो. नवा शॉक घालूनही गाडी कडक लागते आणि वर बुश लवकर फाटतो. आमच्या मिस्त्रींना हे सांगावं लागलं नाही, त्यांनी स्वतःच गाडी खाली घेतली. त्या क्षणी मी त्यांना "मामा" म्हणायला लागले.

त्यांनीच एक मोह टाळायला लावला. पुढून गाडी जरा बसल्यासारखी दिसत होती. बाबा म्हणाले, टॉर्शन बार आवळून उंच करा, ऐटीत दिसेल. मामांनी नकार दिला. बार आवळला की चाकाला खाली जायला जागा उरत नाही, खड्ड्यात ते लटकून झटका देतं. मागे पाट्यांच्या गाड्यांत "एक पाटा वाढवा" हा सल्लाही त्याच जातीचा. आणि मऊ व्हावी म्हणून पाटा काढणं तर सरळ धोक्याचं.

गाडी बुधवारी घेतली, आजीच्या अटीप्रमाणे. पुढच्या शनी अमावस्येला ती आली. सुप्याच्या पुढे तिला डुलकी लागली हे मी आरशात पाहिलं. घोडेगावच्या आतल्या रस्त्यावर दणके होते, पण एकेक, आणि नंतर हेलकावे नाहीत. खूश होऊन मी पार्किंगमध्ये एका शिर्डी-शिंगणापूर जीपवाल्याला आमची खरेदी सांगितली. तो हसला. म्हणाला, "मॅडम, मऊ पाहिजे तर माणसं भरा."

ही थट्टा नव्हती. या गाड्यांच्या स्प्रिंगा भरलेल्या गाडीच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. सातजणांसाठी बेतलेली स्प्रिंग तीन माणसांनी दबतच नाही, म्हणून रिकामी जीप उडते आणि भरलेली जीप तरंगते. शॉक कुठलाही घाला, ही मर्यादा राहतेच. परतताना नाक्यावर बैलाच्या चरकावरच्या रसवंतीत थांबलो, तेव्हा आजीने सोनईच्या मावशीला फोन लावला होता. मावशी, तिची सून आणि नातू, तिघांना पुण्यापर्यंत सोडायचं ठरलं. मागच्या सीट उघडल्या.

"आता बघू कशी चालते," आजी म्हणाली आणि रसाचा दुसरा ग्लास मागवला.