जुना संगणक : घसारा आणि उपयोग

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसारा नवा नाही. आयकराच्या नियमांप्रमाणे संगणकावर घटत्या शिलकेवर ४० टक्के घसारा धरतात. त्यामुळे ४०,००० रुपयांचा संगणक पाच वर्षांनी वहीत ३,११० रुपयांचा उरतो. पण वहीतली किंमत म्हणजे यंत्राची उपयुक्तता नव्हे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, ते नसलेली धडधाकट यंत्रेही अडगळीत निघाली. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली घालता येते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत राहतात. लिब्रेऑफिसमध्ये ताळेबंद मांडता येतो, मराठी-कन्नड दोन्ही लिहिता येतात. मंदपणाचे मूळ पुष्कळदा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये असते. तिच्या जागी एसएसडी बसविली की यंत्र चपळ होते. मात्र टॅली विंडोजसाठीच बनविलेली आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. फायलीही अगोदर दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात.

मित्रांनो, मी एवढेच सुचवीन : नव्याची किंमत विचारण्यापूर्वी जुन्याची तपासणी करा. फी भरण्याच्या दिवसांत घरचे तीस-चाळीस हजार वाचणे ही आपल्यासारख्यांना लहान बाब नाही.