जुनी जीप पेट्रोल का खाते?

ज्या कुणाच्या दारात जुनी जीप उभी आहे, त्याच्या तोंडून एक तक्रार हटकून ऐकू येते. "गाडी चालते झकास, पण अ‍ॅव्हरेज देत नाही." मग एक फिटर म्हणतो कार्बोरेटर बदला. दुसरा म्हणतो इंजिन खोला. तिसरा म्हणतो पेट्रोलचं काढा, डिझेलचं बसवा. मालक तिघांचंही ऐकतो, पैसे घालतो, आणि महिन्याभराने तक्रार जागच्या जागी! अशा वेळी काय आधी पाहावे आणि काय मागाहून, याचा आज आपण जरा शिस्तीने विचार करू.

उदाहरणाला विलीज जातीची पेट्रोल जीप घेऊ. दुसऱ्या महायुद्धात ही गाडी जगभर पोचली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली, आणि पुढे कित्येक वर्षे ती आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर धावली. आज जी शिल्लक आहेत त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत फेरफार झालेले आहेत. कुणी मोठे टायर घातले, कुणी पत्र्याची उंच बॉडी बांधली, कुणी इंजिनच बदलले. तेव्हा दोष शोधताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक म्हणजे झीज आणि बिघाड. तो दुरुस्त होतो. दुसरी म्हणजे फेरफाराची किंमत. ती कितीही पाने फिरवले तरी भरून निघत नाही.

पहिले काम हत्यारांचे नाही, वहीचे आहे. टाकी गळ्यापर्यंत भरा. मीटरचा आकडा लिहा. दीडदोनशे किलोमीटर नेहमीसारखे चालवा. मग त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून, पुन्हा गळ्यापर्यंत भरा. जेवढे लिटर बसले, तेवढे खर्च झाले. असे तीनदा करावे आणि सरासरी काढावी. काट्यावरून अंदाज बांधू नये. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा हा भरवशाचा साक्षीदार नव्हे.

आता मीटरकडे वळू. मीटर काही रस्ता मोजत नाही, तो चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो. या जीपचा मूळ टायर सुमारे 28 इंच उंचीचा. त्या जागी कुणी 31 इंची टायर बसवला, तर प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त पुढे सरकते. 31 ला 28 ने भागा: उत्तर येते 1.1 च्या थोडे वर. म्हणजे मीटर 100 किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी खरोखर जवळजवळ 111 गेलेली असते. मालक म्हणतो, "10 लिटरमध्ये 100 च गेली." खरे पाहता ती 111 गेली. लिटरमागे एक किलोमीटरचा तोटा नुसता कागदावरचा! पण दुसरी बाजूही ध्यानात घ्या. वेगाचा काटाही तितकाच मागे असतो. काटा 50 दाखवी, तेव्हा वेग 55 असतो. ब्रेक मारताना हा फरक जिवाशी येऊ शकतो.

एवढा हिशेब करूनही अ‍ॅव्हरेज कमीच निघाले, तर फुकटच्या तपासण्या आधी कराव्यात.

गळती पाहा. रात्री गाडीखाली जुने पुठ्ठे पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला आणि वास कसला येतो ते कळते. काडी किंवा दिवा मात्र जवळ नेऊ नका, टॉर्च वापरा. इंजिन ऑइलची पट्टी काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपातला पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असण्याचा संभव आहे. अशी गाडी दुरुस्तीशिवाय चालवू नये. ऑइल पातळ होऊन बेअरिंगे खलास होतात.

मग चाके. टायरात हवा कमी असली की गाडी जड जाते, हे सायकलवाल्या पोरालाही ठाऊक असते. त्यानंतर सपाट जागी गिअर काढून गाडी हाताने ढकला. दोघांना ती सहज हलायला हवी. दहाबारा किलोमीटर चालवून, शेवटी फार ब्रेक न दाबता थांबा, आणि प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हाताचा पंजा उलटा धरा. धातूला लावू नका, चटका बसेल. एकच चाक जास्त तापले असेल तर तिथला ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग फार आवळले आहे. असा चिकटलेला ब्रेक रात्रंदिवस पेट्रोल खातो, आणि दोष मात्र कार्बोरेटरवर येतो! जीपच्या बाबतीत आणखी एक पाहावे. चिखलातून काढताना पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा टाकलेला असतो. डांबरी रस्त्याला लागल्यावर तो काढायचा राहून तर जात नाही ना?

आता इंजिन. इंजिनाला तीन गोष्टी योग्य मापात लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. या जुन्या जीपच्या एअर क्लीनरमध्ये खाली ऑइल असते, त्यात धूळ बसते. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तिथे लवकरच चिखल होतो. हवेची वाट अडली की पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि काळा धूर येऊ लागतो. चोकची पाकळी गाडी गरम झाल्यावर पूर्ण उघडते की नाही, हे झाकण काढून डोळ्यांनी पाहावे. कार्बोरेटरमधला फ्लोट भोक पडून पेट्रोलने भरला, तर तो तरंगायचा थांबतो आणि पेट्रोल वाहत राहते. फ्लोट कानाशी हलवला की आतले पेट्रोल डुचमळताना ऐकू येते.

प्लग काढून रंग पाहा. फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आहे. ओले तेलकट असेल तर ऑइल वर चढते आहे. या इंजिनाच्या प्लगमधली फट सुमारे पाऊण मिलिमीटर आणि पॉइंटची सुमारे अर्धा मिलिमीटर असते. पॉइंट झिजले की टाइमिंग सरकते. ठिणगी उशिरा पडली तर गाडी ढिली पडते, तापते, आणि चालवणारा अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो.

थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हेही विचारा. गाडी तापते म्हणून तो काढून टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. पण तो काढला की इंजिन लवकर गरम होत नाही, थंड इंजिन पेट्रोल नीट जाळत नाही, आणि सिलिंडरची झीजही वाढते. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करावा. थर्मोस्टॅटला शिक्षा कशाला?

एवढे सगळे ठीक निघाले तरच कॉम्प्रेशन तपासावे. घड्याळ लावून चारी सिलिंडरांचे आकडे घ्यावेत. एखाद्यात दाब कमी असेल तर तिथे चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा संशय घ्यावा. इंजिन खोलण्याचा खर्च करायचा तो हा पुरावा हाती आल्यावरच.

आता फेरफाराची किंमत. मूळ जीपच्या मागच्या डिफरन्शियलचे प्रमाण 5.38 आहे. चाकाचा एक फेरा होण्यासाठी दांड्याचे 5.38 फेरे. मूळ टायरवर, वरच्या गिअरमध्ये, ताशी 60 किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे 2400 फेरे घेते. अशा गाडीत कमी फेऱ्यांवर काम करणारे डिझेल इंजिन बसवले आणि डिफरन्शियल तेच ठेवले, तर ते इंजिन सदा किंचाळत राहते. उलट पेट्रोल इंजिनावर फार मोठे, जड टायर घातले तर वरचा गिअर ओढत नाही आणि गाडी खालच्या गिअरमध्ये रखडते. उंच बॉडी आणि टपावरचे कॅरिअर वाऱ्याला अडतात. वेग 60 चा 80 केला तर वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटीहूनही जास्त होतो. अशा गाडीला 50-60 वर चालवणे हीच सर्वांत स्वस्त दुरुस्ती.

फेरफाराला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 ने गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करण्यास बंदी केली आहे. तेव्हा इंजिन बदलण्याआधी आर. टी. ओ. कार्यालयात चौकशी करावी. नोंद नसलेला बदल अपघाताच्या विम्याच्या वेळी नडतो.

शेवटची गोष्ट पेट्रोलचीच. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारणपणे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून आणि धान्यापासून तयार होते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते. हिशेब करा: 80 भाग पेट्रोलचे 80, आणि 20 भाग इथेनॉलचे साधारण 13. बेरीज 93. म्हणजे शंभरातले सात भाग इथेच गेले. जुन्या वहीतला आकडा आणि आजचा आकडा ताडून पाहताना ही वजावट धरावी. शिवाय जुने रबर इथेनॉलने खराब होते. नळ्या आणि पंपाचा पडदा त्याला टिकणारे घालावेत.

शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना. वर्तुळाचा परीघ, गुणोत्तर, सरासरी आणि टक्केवारी, असे चार धडे या एका गाडीत आहेत. गावातल्या एखाद्या जीपच्या टायरची उंची मुलांकडून मोजून घ्या, मालकाच्या वहीतले आकडे फळ्यावर मांडा, आणि खरे अ‍ॅव्हरेज मुलांनाच काढू द्या.

आणि मालकांना एवढेच सांगणे. रोज 40 किलोमीटर धावणारी गाडी लिटरला 10 ऐवजी 8 देऊ लागली, तर रोज एक लिटर जास्त जाते. महिन्याला 30 लिटर झाले. हे पैसे वाचवायचे तर एका वेळी एकच दुरुस्ती करा, आणि तिच्यानंतर पुन्हा टाकी भरून मोजा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कुणालाच सांगता येणार नाही. वही हाती असली म्हणजे फिटरशी बोलणेही सोपे जाते. "अ‍ॅव्हरेज देत नाही" असे म्हणण्याऐवजी तुम्ही म्हणाल, "मिस्त्री, मागच्या महिन्यात साडेनऊ देत होती, आता आठ देते, आणि डावं मागचं चाक तापतंय." मग मिस्त्री कार्बोरेटरला हात लावणार नाही, आधी ते चाक उचलेल.