रेस चढत नाही, म्हणजे पंपच गेला का?

जुन्या पोकलेनबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: रेस चढत नाही, चढली तर टिकत नाही, नाहीतर लोडवर गाडी दबते. तिच्यावरची उत्तरंही ठरलेली असतात. आधी डिझेल पंप उतरवून नोझलसकट दुरुस्तीला जातो आणि तरीही फरक पडला नाही तर ‘कंट्रोलर गेला’ असा निकाल लागतो. दोन्ही निदानं महाग आहेत आणि बहुतेक वेळा घाईची. त्यांच्या मुळाशी समज एकच आहे: गती इंजिनाची, म्हणून गती बिघडली की दोष इंजिनाचा. फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीचं नाव आपल्याकडे सगळ्याच एक्स्कॅव्हेटरना चिकटलं, त्या काळातल्या मशीनांपुरता हा समज बराचसा बरोबर होता. ऑपरेटरचा हात, लिव्हर, केबल आणि पंप, एवढाच तो रस्ता होता. पुढच्या पिढीत डायल आणि पंप यांच्यामध्ये वीज आली; निदानाची सवय मात्र केबलच्या काळातलीच राहिली.

कोमात्सुचं पीसी 200-6 उदाहरणाला घेऊ. केबिनमधली डायल डिझेल वाढवत नाही, ती फक्त सांगते किती हवं. आत एक पोटेन्शिओमीटर आहे. डायलच्या स्थितीप्रमाणे कमीजास्त होणारं व्होल्टेज तो कंट्रोलरला पाठवतो. कंट्रोलर गव्हर्नर मोटर फिरवतो, मोटर दांड्याने डिझेल पंपाची लिव्हर ओढते आणि मोटरमधलाच दुसरा पोटेन्शिओमीटर ‘एवढी फिरले’ असं उलट कळवतो. शिवाय फ्लायव्हीलजवळचा सेन्सर प्रत्यक्ष गती मोजत असतो. म्हणजे हुकूम चार-पाच हातांतून जातो. तेव्हा कोणता पार्ट खराब आहे यापेक्षा हुकूम कुठे अडला, हे आधी शोधायला हवं. त्यासाठीची पहिली चाचणी पान्याने होते. बकेट जमिनीवर टेकवायची, सेफ्टी लिव्हर लावायची, पंख्या-पट्ट्यापासून अंग लांब ठेवायचं, दांडा पंपाच्या लिव्हरपासून सोडवायचा आणि लिव्हर हाताने सावकाश पुढे न्यायची. इंजिन स्वच्छ आवाजात पूर्ण गतीला गेलं आणि तिथे स्थिर राहिलं, तर निदान बिनलोडच्या तक्रारीपुरता पंप निर्दोष सुटतो. हातानेही गती चढली नाही किंवा वरखाली झुलू लागली, तर वायरिंगला हात लावायचं कारण नाही. फिल्टर, टाकीतली जाळी, सक्शन लाइनमध्ये शिरणारी हवा आणि मग पंप, या क्रमाने जावं. दहा मिनिटांच्या या कामाने निम्मं मशीन संशयाबाहेर जातं, आणि तरीही ही चाचणी वगळली जाते. याचं एक कारण असं, की डिझेल पंपवाला आणि इलेक्ट्रिशियन ही दोन वेगळी दुकानं आहेत आणि या चाचणीची जागा नेमकी दोघांच्या मध्ये पडते.

दोष विजेच्या बाजूला निघाला तर तिथले गैरसमज वेगळे. पडद्यावर ‘ई 05’ आला की गव्हर्नर मोटर मागवली जाते. पण तो कोड गव्हर्नर यंत्रणेचा आहे, एकट्या मोटरचा नाही. डायलची तार तुटली, मोटरमधला पोटेन्शिओमीटर झिजला किंवा दांडा गंजून जड झाला, तरी संशय याच यंत्रणेवर येतो. ‘वायर चेक केली, मीटर बीप देतो’ हा दुसरा भ्रम. दहापैकी एकच धागा शिल्लक असलेल्या तारेवरही मीटर बीप देतो, कारण मीटर तिच्यातून नाममात्र करंट पाठवतो. मोटरला लागणारा करंट वाहू लागला की तीच तार कमी पडते. म्हणून तार जोडलेली असताना, मोटर फिरत असताना, तारेच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट गळतात ते मोजायचं. अर्थिंगची तारही तशीच तपासायची. डायलचंही तसंच. ऑपरेटर वर्षानुवर्षं ती ठरावीक एका-दोन जागांवर ठेवतो आणि आतला पट्टा तिथेच झिजतो. दोन टोकांचं व्होल्टेज बरोबर दाखवणारी डायल मधे कुठेतरी क्षणभर शून्यावर येते. ती अगदी हळू फिरवत काट्याच्या जुन्या मीटरवर बघावी. आकडे दाखवणारा मीटर एवढी छोटी उडी बऱ्याचदा गिळून टाकतो.

यावर अनुभवी मेकॅनिकचा आक्षेप असतो: मोजमापं राहू द्या, मोटर बदलली आणि मशीन चाललं, आणखी काय पुरावा हवा? पुरावा अपुरा आहे. मोटर बदलताना कनेक्टर काढून पुन्हा बसवला जातो, त्यात पिनांवरचा गंज खरवडला जातो. दांडा सोडून नव्याने जुळवला जातो. दुरुस्ती यातल्या कशाने झाली, हे जुनी मोटर परत लावून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ती परत कुणी लावत नाही. उलटही घडतं. हिताचीच्या कित्येक मशीनांत मोटर, केबल किंवा कंट्रोलर बदलल्यावर लिव्हरची दोन्ही टोकं कंट्रोलरला नव्याने शिकवावी लागतात. ते राहून गेलं की ‘नवी मोटरही डुप्लिकेट निघाली’ अशी बोंब होते.

काही तक्रारी तर बिघाडाच्या नसतातच. पीसी 200-6 मध्ये हातातल्या लिव्हर सोडल्यावर साधारण 4 सेकंदांत गती मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या आसपास उतरते, ती ऑटो-डिसेलची करामत. डिझेल वाचवण्यासाठीच ती आहे. लिव्हर हलवल्यावरही गती परत चढली नाही, तर दोष शोधायचा. तोही बहुधा लिव्हरची हालचाल ओळखणाऱ्या प्रेशर स्विचमध्ये सापडतो. थंड इंजिनाने सकाळी आपोआप गती वाढवणं, डिझेल वाचवणाऱ्या ई-मोडमध्ये ती थोडी कमी राहणं, हेही ठरवून केलेलं आहे. खरी हानी करतो तो मात्र ‘सोपा’ इलाज: पंपाची लिव्हर तारेने फुल रेसला बांधणं. काम चालतं, हे मान्य. पण मग ऑटो-डिसेल बंद होतो, मशीन रिकामं उभं असतानाही पूर्ण गतीने डिझेल जळतं. शिवाय ज्या मॉडेलांत चावी बंद केल्यावर हीच मोटर लिव्हर मागे ओढून इंजिन थांबवते, तिथे चावीने इंजिन बंद होत नाही. अपघाताच्या क्षणी ही गोष्ट किरकोळ राहत नाही.

राहिलं गाडी दबणं. बिनलोडची गती बरोबर आणि लोडवर कोसळते, तर एकतर इंजिनाला डिझेल-हवा पुरत नाही, नाहीतर हायड्रॉलिक पंप झेपण्यापलीकडचं काम मागतो. गती पडू लागली की पंपाची मागणी आवरणं हे कंट्रोलरचंच काम, आणि त्यासाठी पीसी 200-6 मध्ये पीसी-ईपीसी व्हॉल्व्ह आहे. केबिनमधला इमर्जन्सी स्विच टाकला की कंट्रोलर बाजूला होऊन या व्हॉल्व्हला ठरावीक करंट मिळतो. त्या स्थितीत दबणं थांबलं, तर इंजिन खोलण्याआधी कंट्रोलची बाजू तपासावी.

सेकंडहँड मशीन बघायला जाणाऱ्याने ते थंड असताना जावं आणि विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावं. बॉनेट उघडल्यावर पंपाची लिव्हर नीट पाहावी. फुल रेसला बांधलेली तार दाखवण्याआधी सोडलेली असली, तरी तिचे वळ रंगावर राहतात.