ओमानमध्ये वैमानिकाची नोकरी: परदेशी रहिवाशासाठी वाट कोणती?

मस्कतमध्ये वाढलेल्या मराठी मुलामुलींपैकी काहींच्या मनात बारावीच्या सुमारास वैमानिक होण्याची इच्छा मूळ धरते. आई-वडील पंधरा-वीस वर्षे ओमानमध्ये असतात, मुलाचे सारे शिक्षण तेथील भारतीय शाळेत झालेले असते, घरात सर्वांकडे निवासी ओळखपत्र असते. त्यामुळे वैमानिकाचा परवाना हाती आला की येथील विमान कंपनीत आपला विचार आधी होईल, अशी समजूत सहज होते. प्रशिक्षणाचा मोठा खर्च पुष्कळदा याच समजुतीवर केला जातो. प्रत्यक्षात वैमानिकाच्या भरतीत त्या ओळखपत्राचे मोल जवळजवळ शून्य आहे. ओमानमध्ये जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही, आणि नागरिकत्व नसले की मस्कतमध्ये वाढलेला तरुण आणि नागपूरहून अर्ज करणारा तरुण एकाच रांगेत उभे राहतात. किंबहुना ज्याच्या नोंदवहीत उड्डाणाचे तास अधिक, तोच पुढे असतो.

याचे पहिले कारण परवान्याच्या नियमांत आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार ज्या देशात विमानाची नोंदणी झाली असेल, त्याच देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाजवळ असावा लागतो. भारतीय विमानांच्या नोंदणीक्रमांकाची सुरुवात ‘व्हीटी’ने होते, ओमानी विमानांची ‘ए४ओ’ने. म्हणून भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा परवाना घेऊन कोणी थेट ओमानी विमान चालवू शकत नाही. ओमानच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने तो वैध ठरवावा लागतो किंवा त्याच्या आधारे ओमानी परवाना द्यावा लागतो. वैध ठरवण्याची सोय तात्पुरती असून मूळ परवान्याची मुदत संपली की तीही संपते. ओमानी परवाना मिळाला तर तो स्वतंत्रपणे चालतो. मात्र त्यासाठी वैद्यकीय तपासणी, हवाई नियमांची परीक्षा आणि उड्डाणकौशल्याची चाचणी द्यावी लागते. व्यवहारात ही सारी प्रक्रिया नोकरी देणाऱ्या कंपनीच्या आधाराने पुढे सरकते. आधी परवाना बदलून घेऊ आणि मग नोकरी शोधू, हा क्रम येथे सहसा जमत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ओमानचा विमानव्यवसाय दीर्घकाळ परदेशी मनुष्यबळावर उभा होता. १९७४ पासून बहरीन, कतार आणि अबू धाबी यांच्यासह ओमान हा गल्फ एअरचा भागीदार होता. २००७ मध्ये तो त्यातून बाहेर पडला आणि १९९३ मध्ये सुरू झालेल्या ओमान एअरवर सारे लक्ष केंद्रित झाले. २०१७ मध्ये सलामएअर ही स्वस्त दरातील कंपनी आली. त्याआधीच, १९८८ पासून, ओमानीकरणाचे धोरण लागू झालेले होते. २०१८ मध्ये ८७ प्रकारच्या कामांसाठी परदेशी नागरिकांना नवे व्हिसा देणे थांबवण्यात आले, तेव्हा विमानतळावरील काही कामेही त्या यादीत होती.

कॉकपिटमध्ये या धोरणाचा परिणाम दोन आसनांवर वेगवेगळा होतो. उजवीकडचे आसन सहवैमानिकाचे. नवखा वैमानिक तेथे बसूनच शिकतो. साहजिकच ते आसन ओमानी तरुणांसाठी राखण्याकडे कल असतो, आणि दोनशे तासांचा अनुभव असलेल्या परदेशी नवशिक्याला तेथे जागा मिळणे जवळपास अशक्य असते. डावीकडचे आसन कॅप्टनचे. कॅप्टन तयार व्हायला अनेक वर्षे आणि काही हजार तास लागतात. तो आदेश काढून घडवता येत नाही. परदेशी वैमानिकाची गरज उरते ती मुख्यतः तेथे, आणि क्वचित विशिष्ट विमानाचा अनुभव असलेल्या सहवैमानिकाच्या जागी.

म्हणून मस्कतच्या मुलासाठी मस्कतला परत येण्याची वाट भारतातून जाते. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते, त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःकडे असली पाहिजेत. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवेत. वाणिज्य शाखेतून गेलेली मुले हे दोन विषय मुक्त विद्यालयातून पुन्हा देतात. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे अशा ठिकाणी प्रशिक्षणाची सोय आहे. अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत शिकून आलेल्यांना भारतीय परवान्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा आणि चाचण्या द्याव्याच लागतात. हे परिवर्तन कधी कधी प्रशिक्षणाइतकेच वेळखाऊ ठरते, पण परदेशी संस्थांच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख क्वचितच ठळक असतो. पुढचा टप्पा विमान कंपनीत सहवैमानिक होण्याचा, आणि १,५०० तासांनंतर एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याचा, ज्याच्याशिवाय कॅप्टन होता येत नाही.

भारतात कोणते विमान चालवले, यावर ओमानमधले दार ठरते. ओमान एअरचा ताफा बोइंग ७३७ आणि ७८७ यांचा आहे. एअरबस ए३३० विमाने तिने काढून टाकली. सलामएअर एअरबस ए३२० कुटुंबातील विमाने चालवते. इंडिगोमध्ये ए३२० वर तास जमवलेल्या वैमानिकाला सलामएअर जवळची, तर आकासा किंवा एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये ७३७ चालवलेल्याला ओमान एअर. विमानाचा प्रकार बदलण्याचे प्रशिक्षण खर्चिक असते आणि अनुभवी उमेदवार मिळत असताना कंपनी तो खर्च सहसा करीत नाही. शिवाय दुबई वा दोहाच्या तुलनेत मस्कतची बाजारपेठ लहान आहे. ओमान एअरने अलीकडच्या पुनर्रचनेत ताफाही आटोपशीर केला. वर्षभर एकही योग्य जागा न निघणे येथे नवलाचे नाही.

जागा निघाली तरी भारतातून निघणे सोपे नसते. २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. त्यात प्रशिक्षणाचा करारनामा असेल तर त्याची रक्कम वेगळी. २०२३ मध्ये इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवल्यानंतर अनुभवी वैमानिक टिकवून ठेवण्याची गरज वाढली आहे. २०२५ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेपुढे परदेशी कंपन्यांनी कर्मचारी पळवण्यावर आचारसंहिता असावी, अशी मागणीही केली. मस्कतची कंपनी वर्षभर थांबेल का, हे मुलाखतीतच स्पष्ट करून घ्यावे लागते.

पगाराच्या बाबतीत ओमानचे आकर्षण आजवर करमुक्त उत्पन्नाचे होते. २०२५ च्या शाही आदेशाने त्यात बदल केला: जानेवारी २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालपेक्षा अधिक उत्पन्नावर ५ टक्के वैयक्तिक आयकर लागू होणार आहे. एक रियाल सुमारे २.६ डॉलरचा, म्हणजे ही मर्यादा सुमारे १ लाख ९ हजार डॉलर होते. बहुतेक नोकरदार तिच्याखाली राहतील, पण एखादा ज्येष्ठ कॅप्टन तिच्या जवळपास पोहोचू शकतो. २०२८ पलीकडे जाणाऱ्या कराराचा हिशेब त्यानेच आधी करावा. भारतीय कायद्यातही २०२० पासून अशी तरतूद आहे की, भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांपेक्षा अधिक असलेला आणि अन्य कोणत्याही देशात करपात्र नसलेला भारतीय नागरिक ‘रहिवासी’ मानला जातो. परदेशातील पगार त्यामुळे सहसा भारतात करपात्र होत नाही, पण पुण्या-मुंबईतील घरभाड्याचे उत्पन्न मोठे असेल तर विवरणपत्रातील दर्जा बदलतो.

नोकरी संपल्यावर मिळणाऱ्या रकमेबाबत २०२३ च्या कामगार कायद्याने सुधारणा केली. सेवेच्या प्रत्येक वर्षाला एक महिन्याचे मूळ वेतन हा आता किमान हिशेब आहे. येथे ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा. वैमानिकाच्या पगारात उड्डाणभत्ता आणि घरभत्ता यांचा वाटा मोठा असतो, आणि तो या हिशेबात येत नाही.

सर्वांत नाजूक बाब प्रकृतीची. प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र गेले की उड्डाण थांबते, उड्डाण थांबले की नोकरी धोक्यात येते, आणि नोकरी गेली की तिच्यावर आधारलेला व्हिसाही जातो. कुटुंबाचा निवास आणि मुलांची शाळा त्याच धाग्याला बांधलेली असते. वय ६५ झाल्यावर आंतरराष्ट्रीय प्रवासी विमान चालवता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पंचेचाळिसाव्या वर्षी रक्तदाबामुळे थांबावे लागले तर काय, हा प्रश्न मात्र करारावर सही करताना क्वचितच विचारला जातो. परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा कंपनी उतरवते की वैमानिकाने स्वतः घ्यायचा, आणि घ्यायचा असल्यास तो भारतातील नोकरी सोडण्यापूर्वी सुरू होतो की मस्कतला रुजू झाल्यानंतर, हे लेखी मागून घेणे वेतनाच्या आकड्याइतकेच आवश्यक आहे.