सांडपाण्यातलं खत

वेल्ह्यातल्या पानशेत धरणाचं पाणी पुणेकर पितात; वापरलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेला, पुढे उजनीत जातं. त्यातल्या फॉस्फरसवर जलपर्णी पोसते. हाच फॉस्फरस भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांना हवा असतो आणि त्याचा खनिज दगड देशाला मुख्यतः परदेशातून आणावा लागतो.

दूधप्रक्रियेसारख्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून हा फॉस्फरस परत काढता येतो. अमोनिया असलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचा क्षार घालायचा, सामू साडेआठ-नऊच्या आसपास ठेवायचा. मग स्ट्रुव्हाइट या फॉस्फरसयुक्त क्षाराचे पांढरट स्फटिक तळाशी बसतात.  स्ट्रुव्हाइटमध्ये सुमारे १२.६ टक्के फॉस्फरस असतो. ते सावकाश विरघळतं, म्हणून मावळातल्या धुवाधार पावसातही सहज वाहून जात नाही. मात्र जड धातूंची तपासणी करूनच ते शेतात टाकावं.