दोन ओढ्यांच्या गावची मार्ता

फुटबॉलचा खेळ तुम्ही पाहिला असेल. दोन्ही बाजूंना अकरा अकरा खेळाडू असतात. चेंडू पायाने मारायचा. गोलरक्षक सोडला तर कोणी हात लावायचा नाही. समोरच्या जाळ्यात चेंडू गेला की एक गोल झाला. खेळ एवढा सोपा. पण तो कोणी खेळावा आणि कोणी खेळू नये, यावरून एका मोठ्या देशात कायदा झाला होता. त्या देशाची आणि तिथल्या एका बाईची हकिकत आम्ही आज सांगणार आहोत.

तो देश म्हणजे दक्षिण अमेरिकेतला ब्राझील. फुटबॉल हा तिथल्या लोकांचा जीव की प्राण. पुरुषांचा विश्वचषक ब्राझीलने पाच वेळा जिंकला आहे. पण १९४१ साली तिथल्या सरकारने एक हुकूम काढला. बायकांच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ बायकांनी खेळू नयेत, असा तो हुकूम होता. फुटबॉल त्यातच धरला गेला. ही बंदी १९७९ पर्यंत चालली. म्हणजे अडतीस वर्षे! तेवढ्या काळात मुलींचे संघ वाढले नाहीत, त्यांना शिकवणारे तयार झाले नाहीत. पुढे कायदा गेला. पण “हे पोरींचं काम नव्हे” ही समजूत काही गेली नाही.

बंदी उठल्यावर सात वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९८६ रोजी, मार्ताचा जन्म झाला. तिचे गाव दोइस रिआशोस. या नावाचा अर्थ दोन ओढे. नावात ओढे असले तरी मुलूख कोरडा आणि गरीब. मार्ता तान्ही असतानाच बाप घर सोडून गेला. आईने कष्ट करून चार मुले वाढवली.

मार्ता गल्लीत पोरांबरोबर खेळे. पायात बूट नाहीत. कधी हवा गेलेला चेंडू, तर कधी पिशव्यांचा बोळा. गावात दुसरी कोणी मुलगी खेळत नव्हती. लोक नावे ठेवीत. एकदा शेजारच्या गावी सामने होते. तिथे दुसऱ्या संघाचा शिक्षक अडून बसला. “ही पोरगी खेळणार असेल तर आम्ही खेळत नाही,” असे त्याचे म्हणणे. मार्ताला बाहेर काढले. ती चांगली खेळत होती, हाच तिचा गुन्हा!

चौदाव्या वर्षी तिने गाव सोडले. रिओ शहरातल्या एका क्लबाने मुलींचा संघ केला होता. तिथवर जायला बसने तीन दिवस लागले. क्लबाचे नाव वास्को द गामा. आपल्या गोव्यातले वास्को शहर ज्या खलाशाच्या नावाने आहे, त्याचेच हे नाव. तिथे तिची परीक्षा झाली आणि ती संघात आली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. खेळाडूची दोन घरे असतात. एक क्लब. क्लब पगार देतो, त्यावर पोट चालते. दुसरा राष्ट्रीय संघ. देशातले निवडक खेळाडू घेऊन तो बनतो आणि मोठ्या स्पर्धांना जातो. तिथे मान असतो, पण रोजची भाकरी क्लबाची. क्लब बंद पडला की खेळाडू उघड्यावर.

मार्तावर ही वेळ पुन्हा पुन्हा आली. वास्कोने मुलींचा संघ मोडला. २००४ साली ती स्वीडन देशातल्या ऊमेओ शहरी गेली. उन्हातली पोर बर्फात आली. भाषा येईना, तीही ती शिकली. त्याच वर्षी तिच्या क्लबाने युरोपातले अजिंक्यपद मिळवले. पुढे ती अमेरिकेत गेली. २०१० साली तिचा क्लब तिथे पहिला आला आणि त्याच वर्षी बंदही पडला. २०१४ साली स्वीडनमधल्या दुसऱ्या एका क्लबाचे दिवाळे वाजले. कारण एकच, बायकांच्या सामन्यांत पैसा घालायला कोणी फारसे तयार नसे. दर वेळी मार्ताने बोचके बांधले आणि दुसरे दार गाठले.

देशासाठी ती किती खेळली? विश्वचषकाच्या सहा स्पर्धा. त्यांत तिने १७ गोल केले. पुरुष असो वा बाई, विश्वचषकात इतके गोल तिच्याआधी कोणी केले नव्हते. जगातली सर्वांत चांगली खेळाडू म्हणून तिची सहा वेळा निवड झाली. तरी विश्वचषक काही हाती आला नाही. २००७ साली अखेरच्या सामन्यात जर्मनीने ब्राझीलला हरवले. ऑलिंपिकमध्ये २००४, २००८ आणि २०२४ असे तीनदा रुपेरी पदक मिळाले. तिन्ही वेळा अमेरिकेपुढे हार झाली.

२०१९ च्या विश्वचषकात ती साधे काळे बूट घालून उतरली. बुटांच्या कंपन्या पुरुषांपेक्षा फार कमी पैसे देऊ करीत होत्या. तिने ते नाकारले आणि बुटावर बरोबरीची खूण काढून घेतली. गोल केल्यावर ती त्या खुणेकडे बोट दाखवी. तोंडाने बोलायची गरजच उरली नाही.

त्या स्पर्धेत ब्राझील हरल्यावर ती घरच्या मुलींना उद्देशून बोलली. आम्ही काही कायमच्या नाही, आता तुम्ही पुढे या, आधी रडाल तर शेवटी हसाल, असा तिच्या बोलण्याचा भाव होता.

२०२५ साली दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेचा अखेरचा सामना झाला. मार्ता तेव्हा ३९ वर्षांची होती. सामना संपत आला तेव्हा तिला मैदानात उतरवले. त्यानंतर ब्राझील एका गोलाने मागे पडला. अगदी शेवटी तिने बरोबरी साधली. जादा वेळेत आणखी एक गोल केला. तरीही चार-चार अशी बरोबरीच राहिली. मग एकेक फटका मारून निकाल लावायचा ठरला. त्यात मार्ताचाच फटका अडवला गेला! पण इतर मुलींनी सावरून घेतले आणि ब्राझील जिंकला. म्हातारीने पोरींना हात दिला आणि पोरींनी तिला.

बायकांचा २०२७ सालचा विश्वचषक ब्राझीलमध्ये भरवायचे २०२४ साली ठरले. दक्षिण अमेरिकेला हा मान प्रथमच मिळाला. ज्या देशाने बायकांना खेळायला बंदी केली, त्यानेच जगातल्या बायकांना खेळायला बोलावले. हे एकट्या मार्तामुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण गावातल्या एका पोरीला खेळताना पाहून लोक हसत होते, तेव्हा ती खेळत राहिली. तेवढे तिच्या हातात होते आणि तेवढे तिने केले.